पंचाची पोरगी

रंजिता चाफलेनं एम.ए.ला क्रिमिनॉलॉजी घेतली तेव्हा ही पोरगी नेमकं काय शिकणार, हे गावात कोणालाच उमगलं नाही. वर्धा जिल्ह्यात केळझरहून सिंदी रेल्वे या गावाकडे जाताना रस्त्यापासून जरा आत तिचं गाव आहे. या गावाला डी.एड. समजतं, नर्सिंग समजतं, तलाठ्याची परीक्षा तर झोपेतून उठवून विचारली तरी समजते. पण गुन्ह्याचा अभ्यास? "चोरी कशी करावं थे शिकवतेत का वं तुले?" असं एका म्हातारीनं पारावर सगळ्यांदेखत विचारलं. शेजारच्या शुभमनं तिचं नाव 'जेलरबाई' ठेवून टाकलं. रंजितानं कोणाला समजावलं नाही. ती मुळात तिरसट, त्यात शहाणी. अशी माणसं समजावत बसण्यापेक्षा गप्प राहून समोरच्याला मूर्ख ठरवतात.

घरात मात्र एका माणसाला हा विषय आपलाच वाटला. तिचे वडील बंडूजी. "पोलिसाच्या कामातलं मले बी समजते," ते ज्याला त्याला सांगायचे, "मी पंच आहो."

हा पंच म्हणजे काय ते सांगायला हवं. पोलिसांनी झडती घेतली, काही जप्त केलं, की बाहेरची दोन माणसं समोर लागतात. त्यांच्या देखत जे सापडलं ते कागदावर उतरवायचं, खाली त्यांनी सही करायची, आणि पुढेमागे कोर्टानं बोलावलं तर येऊन सांगायचं की हो, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. पोलिसांनी मनचं काही लिहू नये म्हणून ही सोय. पण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याला बाळकडूतच मिळालेलं. पंच व्हायला येतो कोण? मग जो जवळ असतो आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, तो पंच होतो. बंडूजी दोन्हींत बसत होते. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन ते बाजाराच्या दिवशी ठाण्याच्या भिंतीला लागून बसत. (कोणतं ठाणं ते विचारू नका. मला याच जिल्ह्यात राहायचं आहे.) ओमप्रकाश जमादार दारातूनच हाक मारायचे, "बंडूजी, या बरं, एक सही मारून द्या." बंडूजी खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसत जायचे, सही करायचे, चहा घेऊन परत यायचे. कागदात काय लिहिलंय ते वाचणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. पाहुण्याघरी पुढे आलेला चहा कोणी हुंगून पाहतं का, तसंच ते.

भीड भिकेची बहीण म्हणतात. बंडूजींना तिनं भीक मागायला लावली नाही, उलट मान दिला, आणि घात झाला तो तिथंच. 'पंच' म्हणून गावात त्यांना ओट्यावर जागा मिळू लागली. वाटणीच्या भांडणात लोक त्यांना बोलावू लागले. पंचामुखी परमेश्वर, असं स्वतःबद्दल म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही?

इकडे रंजिता सिंदीहून पॅसेंजर धरून रोज नागपूरला जात होती. दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी तिनं विषय घेतला तोही नेमका हाच. कागदावर सही करणारे पंच कोर्टात आल्यावर उलटतात का? कोर्ट अशा साक्षीदाराला 'फितूर' म्हणतं. रंजिता परवानगी काढून वर्ध्याच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसू लागली आणि एकामागून एक पंच "मले काई याद नाई साहेब" म्हणताना पाहू लागली. तिचा संताप संताप व्हायचा. विकली गेलेली माणसं ही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. साक्षीदार पैशानं फुटतो नाहीतर भीतीनं, हे वाक्य तिच्या प्रबंधात लिहूनही झालं होतं. आपल्या घरात एक पंच बसलाय, त्याला काही विचारावं, हे तिला सुचलं नाही. घरची भाजी सपकच लागते.

माघ सरता सरता एका रविवारी ओमप्रकाश जमादार मोटरसायकल घेऊन थेट वावरात आले. रंजिता वांगी तोडत होती. पलीकडे मेथीच्या वाफ्यात धुरपता निंदत होती. ही धुरपता म्हणजे गावातल्याच तानबाची बायको. तानबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये रातपाळीचा चौकीदार होता. कोणीतरी डोक्यात सळाख घालून त्याला मारलं. जिनिंगमधून काढून टाकलेला एक पोरगा, धर्मेंद्र, त्यात पकडला गेला आणि तेव्हापासून तो आतच आहे. तानबा गेल्यावर धुरपता बंडूजींच्या वावरात कामाला येऊ लागली. लहानपणी रंजिताची वेणी तिनंच घातलेली.

"बंडूजी, तारीख लागली," जमादारांनी समन्स पुढे केलं. "तानबाची केस. आता सारं तुमच्यावर आहे बरं. तुमच्यासंगचा पंच भैयाजी पानठेलेवाला तं मरून गेला."

"कोणती सही होती ते मले याद नाई," बंडूजी ओशाळून म्हणाले.

"याद नाई? अहो, पोरीची ॲडमिशन करून आलते तुम्ही नागपूरवरून. पेढे देल्ले आम्हाले. त्याच दिवशीची. धर्मेंद्रनं गोठ्यातून सळाख काढून देल्ली, त्याचा पंचनामा."

रंजिताच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. तिला तो दिवस लख्ख आठवत होता. कॉलेजच्या रांगेत बाबांना उभं करून ती झेरॉक्स काढायला पळाली होती. परत येताना ऑटो ठाण्यापाशी थांबवून बाबा पेढे द्यायला आत गेले होते. ती बाहेर बाकावर बसली होती. जमादारांनी बाहेर येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, "आता तू आमच्यातली झाली" म्हणून. तिला केवढा अभिमान वाटला होता.

"काका, सळाख किती वाजता निघाली?" तिनं विचारलं.

"सकाळी. का वं?"

"सकाळी तं आम्ही नागपूरले होतो."

जमादार हसले. वाईट माणूस नव्हता तो, आणि हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वाईट असता तर सगळं फार सोपं झालं असतं. "पाह्य रंजिता," ते आवाज उतरवून म्हणाले, "सळाख खरी निघाली. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. सकाळी कोणी कुत्रं पंच यायले तयार नव्हतं. मग काय सोडून देतो का खुन्याले? संध्याकाळी बंडूजीची सही घेतली. पुस्तकात बसते का नाई, थे तू पाहत बस." आणि बंडूजींकडे वळून त्यांनी सांगितलं, "मंगळवारी ठाण्यात येजा. काय बोलायचं थे सांगतो."

ते गेल्यावर धुरपता वाफ्यातून उठून आली. बोलणं तिच्या कानी गेलं नव्हतं, पण तारीख लागली एवढं तिला कळलं होतं. तिनं मातीचे हात तसेच जोडले.

"बंडूभाऊ, आता तुमच्याच तोंडावर आहे सारं. माह्या माणसाले न्याय भेटू द्या."

बंडूजी मान हलवत राहिले. त्या मान हलवण्यात हो होतं की नाही, ते रंजिताला कळेना.

त्या आठवड्यात तिचं अन्नावरून मन उडालं. खून करताना पाहिलेलं कोणी नव्हतं. सळाखीवर रक्त होतं एवढं तपासणीत निघालं होतं, पण ती सळाख धर्मेंद्रनं काढून दिली, हे सांगणारा पोलिसांबाहेरचा माणूस एकच उरला होता, आणि तो माणूस त्या वेळी नागपूरला तिच्या फॉर्मसाठी रांगेत उभा होता. बाबा खोटं बोलले तर एक पोरगा जन्मठेपेला जाईल, त्यानं मारलं असो की नसो. खरं बोलले तर खटला ढासळेल, धुरपताला न्याय मिळायचा नाही, आणि बाबांवर कोर्टही उलटेल नि ठाणंही. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधोमध आपला भोळा बाप.

ती नागपूरला तिच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेली. मॅडमनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. "आता नव्या कायद्यात झडतीचं चित्रीकरण करावं लागतं," त्या म्हणाल्या, "हा खटला त्याच्या आधीचा. तू असं कर, हा खटला तुझ्या अभ्यासातून वगळ. जवळचा संबंध आला की निरीक्षण निकामी होतं."

"आणि बाबा?"

"तो अभ्यासाचा प्रश्न नाही, रंजिता." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तिथं मी तुला मार्क देऊ शकत नाही."

मंगळवारी बंडूजी ठाण्यात जाऊन आले. बुधवारी सकाळी रंजिता वावरात गेली तर बाप वांग्यांच्या ओळीत पाठमोरा उभा राहून पुटपुटत होता. "पोलिसांनी मले बलावलं. आरोपी तिथं हजर होता. आरोपीनं माह्यासमोर सांगतलं का सळाख गोठ्यात लपवली. मंग आम्ही सारे गोठ्यात गेलो..." शाळेत न गेलेल्या माणसानं म्हातारपणी कविता पाठ करावी तसा तो घोकत होता. कुठंतरी अडला, पहिल्यापासून सुरू झाला. रंजिताला रडू फुटलं आणि त्याचाच तिला राग आला.

"बाबा, तुम्ही गोठा पाह्यला का धर्मेंद्रचा?"

बंडूजी दचकून वळले. "नाई."

"मंग कायले घोकता?"

"अवं, त्यानंच मारलं. साऱ्या गावाले मालूम आहे."

"तुम्ही पाह्यलं?"

"तू वकिलासारखी नोको बोलू माह्यासंगं!" बंडूजी एकदम ओरडले. आयुष्यात ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते, त्यामुळे दोघंही घाबरले. मग ते धुऱ्याच्या बांधावर बसले आणि दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "त्या बाईकडं पाहवत नाई मले. रोज येते, काई बोलत नाई, नुसती पाहते. आणि जमादार म्हणते, तुम्ही पलटले तं तुम्हालेच आत टाकतेत. खरं आहे का?"

"खोटं बोलले तर शिक्षा आहे. खरं बोलले तर..." रंजिता थांबली. "काई होणार नाई असं मी नाई म्हणू शकत, बाबा. न पाहता सही केली, हे तुम्हाले कबूल करा लागीन."

"मंग तू सांग. तू शिकली ना? काय बोलू थे तूच सांग मले. तू म्हणशीन तेच बोलतो."

आता हेच तर ती गेला आठवडाभर स्वतःला विचारत होती. एक वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण बापाचा तो ओशाळा, आज्ञाधारक चेहरा पाहिला आणि तिनं ते गिळलं. जमादारानं पाठ दिला, आता आपण देणार. हा माणूस दोन्ही पाठ तितक्याच इमानदारीनं म्हणून दाखवील.

"मी नाई सांगत, बाबा."

"काऊन?"

"मी सांगितलं तं थे बी घोकलेलंच होईन."

"एवढं शिकवलं तुले," बंडूजी म्हणाले, "आणि बापाले एक वाक्य देत नाई." ते उठले आणि वांगी तोडायला लागले. साक्षीच्या दिवसापर्यंत बापलेकीत जेवायला ये, पाणी दे, एवढंच बोलणं उरलं.

साक्षीच्या दिवशी तिघंही एकाच बसनं वर्ध्याला आले, बंडूजी पुढं, रंजिता मधे आणि धुरपता मागच्या सीटवर. कोर्टात पोचल्यावर साक्षीदार म्हणून बंडूजींना बाहेर व्हरांड्यात थांबावं लागलं. रंजिता नेहमीच्या मागच्या बाकावर बसली. आज तिच्या मांडीवर वही नव्हती आणि हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं. धुरपता तिच्या शेजारीच येऊन बसली. पिंजऱ्यातला धर्मेंद्र रंजितानं पहिल्यांदाच नीट पाहिला. तिच्याच वयाचा असेल. तो कोणाकडेच बघत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर गुन्हा दिसतो का, निरपराधीपण दिसतं का, असं ती शोधत राहिली, आणि असं काही चेहऱ्यावर दिसत नसतं हे तिला पहिल्याच सत्रात शिकवलेलं असूनही शोधत राहिली.

शिपायानं पुकारा केला. बंडूजी आत आले, कटघऱ्यात चढले, शपथ घेतली. धुतलेला सदरा, इस्त्रीची घडी अजून दिसत होती.

"पोलिसांनी तुम्हाला बोलावलं होतं का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो. बलावलं होतं."

"आरोपी तिथं हजर होता?"

"आरोपी तिथं हजर होता," बंडूजी म्हणाले. अगदी वांग्यांच्या ओळीतला तोच सूर. रंजितानं डोळे मिटले. शेजारी धुरपतानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. दाराशी ओमप्रकाश जमादार उभे होते, त्यांचे ओठ बंडूजींच्या बरोबरीनं हलत होते.

"या पंचनाम्यावर सही तुमची आहे?"

"हो, माहीच आहे."

मग मुद्देमालाचं गाठोडं उघडलं. आतून कापडात गुंडाळलेली सळाख निघाली. एका टोकाला लेबल बांधलेलं, त्यावरही बंडूजींची सही. शिपायानं ती त्यांच्यासमोर धरली. "आरोपीनं गोठ्यातून काढून दिली ती सळाख हीच का?"

हा प्रश्नही जमादारांच्या पाठात होता. उत्तरही होतं, एका शब्दाचं. बंडूजी सळाखीकडे पाहत राहिले. त्यांनी बोट पुढे केलं आणि न टेकवताच मागं घेतलं.

"साक्षीदार, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

"साहेब," बंडूजींचा आवाज एकदम बदलला, बाजारात भाव सांगतानाचा त्यांचा नेहमीचा आवाज झाला तो. "ही मी आज पहिल्यांदा पाहून राह्यलो."

कोर्टात चुळबूळ झाली. सरकारी वकील क्षणभर कागद चाळत राहिले, मग साक्षीदाराला फितूर घोषित करून उलटतपासणीची परवानगी त्यांनी मागितली. ती मिळाली. पुढचे प्रश्न रंजितानं या बाकावर बसून कितीदा ऐकले होते. आरोपीच्या माणसांनी तुम्हाला किती पैसे दिले? कोणाच्या धाकानं बोलता? प्रत्येक प्रश्नाला बंडूजी "नाई साहेब" म्हणत होते आणि प्रत्येक "नाई"ला त्यांची मान आणखी खाली जात होती.

"मग न वाचता, न पाहता सही केली कशाला?"

"बलावलं म्हणून गेलो साहेब. नेहमीच जातो. नाई म्हणता येत नाई मले."

"त्या सकाळी होतात कुठे?"

"नागपूरले. पोरीच्या ॲडमिशनले. थे बसली ना पोरगी."

सगळ्यांच्या माना वळल्या. रंजिता नकळत उभी राहिली. न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, हातानं बसायची खूण केली आणि बंडूजींना सुनावलं की न पाहता पंचनाम्यावर सही करणं ही साधी गोष्ट नाही. याबाबत नोटीस का काढू नये ते कोर्ट पाहील. मग त्यांनी टंकलेखकाला पुढचं सांगितलं. कोर्टाच्या नोंदीत त्या दिवशी बंडूजी चाफले फितूर ठरले. जन्मभर न पाहिलेल्या गोष्टींवर इमानानं सह्या करणारा हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला, तर कायद्यानं त्याला हे नाव दिलं. आणि त्या नावाखाली आपण आजवर कोणाकोणाला बसवलं, हे आठवून रंजिताला लाज वाटली.

दाराशी जमादार नव्हते. धर्मेंद्र पिंजऱ्यात तसाच उभा होता, मात्र आता तो बंडूजींकडे पाहत होता.

व्हरांड्यात आल्यावर बंडूजी भिंतीला टेकून खाली बसले. रंजिता पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेली. "बाबा," एवढंच ती म्हणाली. तिला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. त्यांनी बाटली घेतली, पण उघडली नाही, कारण समोरून धुरपता येत होती. बंडूजी धडपडत उठले. त्यांनी हात जोडले. ती शिव्या देईल, तळतळाट देईल, असं दोघांनाही वाटलं. तिनं बंडूजींकडे पाहिलंदेखील नाही. ती रंजितासमोर येऊन उभी राहिली.

"तू इथं रोज येऊन बसत होती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सारं लिहून घेत होती. एवढी मोठी शिकली. मंग मले सांग रंजू, माह्या माणसाले कोणं मारलं?"

पुरावा कसा तोलायचा ते रंजिताला येत होतं. संशयाचा फायदा कोणाला द्यायचा ते येत होतं. पण हे तिला येत नव्हतं.

"मले नाई माहीत, काकू."

"मंग बोलू देयाचं होतं त्यायले खोटं," धुरपता म्हणाली. तिनं पदर खोचला आणि ती बसस्टँडकडे निघाली.

गावाकडे जायला त्या वेळेला एकच बस होती. तिघंही तिनंच घरी आले.